विनंती बदली: बास्केटबॉलमधल्या 'गद्दारां'ची गोष्ट

फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये लागोपाठ दोन दिवसांत दोन मोठ्या बदल्या झाल्या.

पहिली लुका डॉन्चिचची. पंचवीस वर्षांचा पोरगा, आदल्याच वर्षी डॅलसच्या संघाला फायनलपर्यंत घेऊन गेलेला. त्यानं काहीही मागितलं नव्हतं. मध्यरात्रीच्या सुमाराला बातमी आली की डॅलसनं त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलंय. आधी त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसरी डीॲरन फॉक्सची. हा सॅक्रामेंटो किंग्जचा खेळाडू. त्याचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होता. करार आधीच वाढवून घ्यायची संधी होती, पण त्यानं सही केली नाही. पुढं त्याच्या बाजूनं निरोप गेला की मला सॅन अँटोनियोला जायचंय. लुकाच्या पाठोपाठ त्याचीही बदली झाली आणि हवी तिथंच झाली.

दोन्हींवर शिव्याशाप झाले. डॅलसमध्ये तर लोक स्टेडियमबाहेर निषेध करायला उभे राहिले. पण टीकेतला फरक बघा. संघानं खेळाडूला पाठवलं की लोक म्हणतात, सौदा फसला. खेळाडूनं स्वतःहून बदली मागितली की लोक म्हणतात, गद्दार, पैशासाठी पळाला. पहिल्यात अक्कल काढतात, दुसऱ्यात थेट इमान काढतात.

हा फरक मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

आधी 'ट्रेड' म्हणजे काय ते. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे आला आणि पुढच्या मोसमात वानखेडेवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली, आठवतंय ना? ते ट्रेडच. एनबीएत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना तर वेगळं समजवायलाच नको. बदली दोन प्रकारची असते: प्रशासकीय आणि विनंती. लुकाची प्रशासकीय, फॉक्सची विनंती. फरक इतकाच की गुरुजींची शाळा बदलली तरी खातं तेच राहतं. इथं मालकसुद्धा बदलतो.

आणि एनबीएत कित्येक वर्षं विनंती हा प्रकार जवळजवळ नव्हताच.

तेव्हाचा नियम ऐका. खेळाडूचा करार संपला तरी संघाचा त्याच्यावरचा हक्क संपत नसे. करार वाढवायचा पर्याय संघाच्या हातात आणि दुसरा संघ त्याला बोलावणार नाही अशी मालकांची आपसातली व्यवस्था. म्हणजे नोकरीची मुदत संपली तरी तुम्ही मोकळे नाही. खेळायचं तर याच मालकाकडं, नाहीतर घरी बसा.

१४ जानेवारी १९६४ ला बॉस्टनमध्ये ऑल-स्टार सामना होता. देशभर टीव्हीवर दिसणार होता. बिल रसेल, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन, सगळे मोठे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. मागणी काय, तर पेन्शन योजना. मालकांनी धमकावून पाहिलं, पण टीव्हीची वेळ टळत चालली होती. शेवटी लीगच्या कमिशनरनं शब्द दिला, तेव्हा कुठं पोरं मैदानात उतरली. घड्याळ आपल्या बाजूनं असेल तेव्हाच मालक ऐकतो, हे खेळाडूंना त्या रात्री नीट कळलं. पुढचा सगळा इतिहास या घड्याळाचाच आहे.

ऑस्कर रॉबर्टसन पुढं खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्या वेळी एनबीएला एबीए नावाची एक प्रतिस्पर्धी लीग होती. दोन्हींत खेळाडूंसाठी चढाओढ असल्यामुळं पगार वाढत होते. मालकांना दोन्ही लीग एक करायच्या होत्या. १९७० मध्ये ऑस्करच्या नावानं खेळाडूंनी कोर्टात दावा लावला: हे विलीनीकरण थांबवा आणि खेळाडूला बांधून ठेवणारं कलम काढा.

त्याच वर्षी ऑस्करचीच बदली झाली. सिनसिनाटी रॉयल्सकडं तो दहा वर्षं खेळला होता. संघाला तो नकोसा झाला होता. मात्र त्याच्या करारात बदली नाकारायचा हक्क होता, जो तेव्हा फार थोड्यांकडं असे. त्या जोरावर त्यानं बाल्टिमोरला जायला नकार दिला. मग मिलवॉकी ठरलं. पुढच्याच मोसमात, १९७१ मध्ये, मिलवॉकीनं जेतेपद मिळवलं.

दावा सहा वर्षं चालला. १९७६ मध्ये तडजोड झाली. एबीएचे चार संघ एनबीएत आले आणि करार संपल्यावर दुसरीकडं जायचा रस्ता खेळाडूंना उघडला. तोही एकदम नाही. सुरुवातीला जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे, नंतर त्याला पहिला हक्क असे. कुठलीही अट नसलेली फ्री एजन्सी आली ती १९८८ मध्ये. टॉम चेंबर्स नावाचा खेळाडू त्या वर्षी सिएटल सोडून फिनिक्सला गेला, तो पहिला.

म्हणजे करार संपला की मोकळं व्हायचं, एवढी साधी गोष्ट मिळवायला १९७० ते १९८८ अशी अठरा वर्षं लागली. आज एखादा खेळाडू 'माझं शेवटचं वर्ष आहे, मी जाणार' म्हणतो, तेव्हा तो ही कमाई वापरत असतो.

या प्रकारातली एक मोठी विनंती बदली मिलवॉकीतच झाली. करीम अब्दुल-जब्बार. १९७१ चं जेतेपद ऑस्करबरोबर त्यानंच आणलेलं. तो जन्मानं न्यूयॉर्कचा, कॉलेज लॉस एंजेलिसला, धर्म बदलून मुसलमान झालेला. मिलवॉकीच्या लोकांबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण तिथं त्याचं कुटुंब नाही, दोस्तमंडळी नाहीत, आपल्यासारखं वातावरण नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात त्यानं संघाला सांगितलं की मला जाऊ द्या. गाजावाजा न करता, बंद खोलीत. संघाला विचार करायला वेळ मिळाला.

तेव्हा मिलवॉकीचा जनरल मॅनेजर होता वेन एम्ब्री, एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. १९७५ च्या जूनमध्ये त्यानं करीमला लेकर्सकडं पाठवलं आणि बदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. करीमनं लेकर्सबरोबर पाच जेतेपदं मिळवली. मिलवॉकीला पुढचं जेतेपद थेट २०२१ मध्ये मिळालं, म्हणजे पन्नास वर्षांनी. गावाचं नुकसान झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण गाव ओसाडही पडलं नाही. त्या चार पोरांमधला ज्युनियर ब्रिजमन मिलवॉकीत नांदला. १९८० ते १९८६ हा संघ सलग सात वर्षं आपल्या गटात पहिला होता. ब्रिजमन निवृत्तीनंतर मोठा उद्योजक झाला आणि २०२४ मध्ये त्यानं याच संघाचा दहा टक्के हिस्सा विकत घेतला. २०२५ मध्ये तो गेला. करीमच्या 'गद्दारी'तून मिलवॉकीला मिळालेला माणूस शेवटी त्या संघाचा भागीदार होऊन गेला.

आता एक प्रश्न कुणीही विचारेल. करार संपल्यावर मोकळंच व्हायचंय, तर वर्षभर थांबायला काय होतं? आधीच बदली कशाला मागायची?

इथं पैशाचा हिशोब येतो. एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. १९८४-८५ च्या मोसमात ती पहिल्यांदा आली तेव्हा ३६ लाख डॉलर होती. पण एक सवलत ठेवली: आपल्याच खेळाडूला टिकवायला संघ ही मर्यादा ओलांडू शकतो. लॅरी बर्डच्या नावावरून तिला 'बर्ड राइट्स' म्हणतात. खेळाडूची बदली झाली की हा हक्क त्याच्याबरोबर नव्या संघाकडं जातो. करार संपल्यावर तो स्वतःहून निघून गेला, तर हक्क जुन्या संघाकडंच राहतो. मग नव्या संघाकडं मर्यादेत जागा असावी लागते, करारही कमी वर्षांचा होतो आणि दरवर्षीची वाढही कमी.

म्हणजे मुदतीआधी बदली झाली तर खेळाडूला हवं ते गाव मिळतं आणि पूर्ण पैसाही. मुदत संपल्यावर गेला तर दोन्हींतलं एक सोडायची वेळ येते. फॉक्सनं पुढं सॅन अँटोनियोबरोबर चार वर्षांचा, सुमारे २२.९ कोटी डॉलरचा करार केला. मुदतीआधी बदली झाली म्हणूनच हे इतकं सरळ झालं.

जुन्या संघाचाही यात फायदा असतो. मुदत संपून खेळाडू गेला तर हातात भोपळा. आधी बदली केली तर काहीतरी मिळतं.

कार्मेलो अँथनीचं उदाहरण घ्या. २०११ चा फेब्रुवारी, संघ डेन्व्हर, करार त्याच उन्हाळ्यात संपू शकत होता. मालक आणि खेळाडूंमधला मोठा करार संपत आला होता, टाळेबंदीची चर्चा होती आणि नंतर ती झालीही. त्याला न्यूयॉर्कला जायचं होतं, जन्मगाव होतं ते. त्यानं बदली घडवून आणली आणि त्याबरोबरच तीन वर्षांची, ६.५ कोटी डॉलरची मुदतवाढ घेतली. डेन्व्हरला काही खेळाडू आणि ड्राफ्टमधले, म्हणजे नवी पोरं निवडायच्या वेळचे, काही हक्क मिळाले. त्यातला एक हक्क २०१६ मध्ये कामी आला आणि डेन्व्हरनं जमाल मरीला घेतलं. २०२३ मध्ये डेन्व्हरनं पहिल्यांदा जेतेपद जिंकलं, तेव्हा मरी त्यात होता. उलट न्यूयॉर्कनं कार्मेलोच्या सगळ्या काळात प्लेऑफची फक्त एक फेरी जिंकली. गद्दार गेला तिकडं गेला, फळ इकडं लागलं.

याच्या उलट लेब्रॉन जेम्स, २०१०. मोसमभर त्यानं थांगपत्ता लागू दिला नाही. करार संपल्यावर टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम करून सांगितलं की मी मायामीला चाललो. क्लीव्हलँडच्या हाती जवळजवळ काही लागलं नाही. आदल्या मोसमात ६१ सामने जिंकणारा संघ पुढच्या मोसमात १९ जिंकू शकला.

म्हणून मला वाटतं, गावाला खरा फटका बसतो तो न सांगता जाणाऱ्याकडून. आधी सांगणारा किमान सामान बांधायला वेळ देतो.

याहून मोठा पुरावा पॉल जॉर्ज. २०१७ मध्ये त्याचा करार संपायला वर्ष होतं. त्यानं इंडियानाला सांगितलं, मी २०१८ ला जाणार, लेकर्सकडं जायची इच्छा आहे. इंडियानानं त्याला ओक्लाहोमा सिटीला पाठवलं आणि डोमांटास सबोनिस व व्हिक्टर ओलाडिपो घेतले. २०१९ मध्ये जॉर्जनं तिथूनही बदली मागितली. हे मात्र मलाही खटकलं, कारण तिथला चार वर्षांचा करार त्यानं आदल्याच वर्षी स्वतः केला होता. शेवटच्या वर्षात निरोप देणं वेगळं आणि शाई वाळायच्या आत फिरणं वेगळं. पण करार लांब होता म्हणूनच ओक्लाहोमानं किंमत जबर लावली: शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा तरुण, आणखी एक खेळाडू आणि ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे पाच हक्क. त्यातल्या एकातून पुढं जेलन विल्यम्स आला.

२०२५ च्या फायनलमध्ये कोण होतं? ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना. दोन्ही छोटी मार्केटं. ओक्लाहोमाचे दोन मोठे खेळाडू जॉर्जच्या दुसऱ्या बदलीतून आलेले. इंडियानाचा मुख्य खेळाडू टायरीस हॅलिबर्टन हा सबोनिसच्या बदल्यात आलेला आणि सबोनिस जॉर्जच्या पहिल्या बदलीतला. एकाच 'पळपुट्या'च्या दोन विनंत्यांमधून फायनलचे दोन्ही संघ उभे राहिले. सातवा सामना ओक्लाहोमानं जिंकला.

मग सगळं गोडच आहे का? तसं नाही. न्यू ऑर्लिन्सला विचारा. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसनं करार संपायला दीड मोसम असताना एजंटमार्फत जाहीरपणे बदली मागितली. जाहीर मागणी नियमात बसत नाही, म्हणून लीगनं ५० हजार डॉलर दंड केला. पण मोसम संपेपर्यंत तो त्याच संघात. गावातलेच लोक त्याला हिणवतायत, संघ त्याला थोडाच वेळ खेळवतोय. तिकीट काढून आलेल्या माणसाची यात काय चूक? डेव्हिस लेकर्सकडं गेला आणि २०२० ला जेतेपद जिंकला. न्यू ऑर्लिन्स अजून वाट बघतंय.

दंड टाळायला ही मागणी सहसा उघड होत नाही. आमच्या धंद्यातला शब्द वापरायचा तर 'सूत्रांकडून समजते' अशी बातमी येते. बातमी देणाऱ्या पत्रकाराला ब्रेकिंग मिळतं, एजंटला हवा तयार करता येते. सूत्र कोण असतं ते आम्हा पत्रकारांना न सांगताही कळतं. यात फसतो तो फक्त वाचक, त्याला वाटतं आपल्याला आतली खबर मिळाली.

आणि हे सगळं मूठभरांपुरतं आहे, हेही लक्षात ठेवा. तीस संघ, प्रत्येकी पंधरा-एक खेळाडू, म्हणजे साधारण साडेचारशे पोरं. त्यातले वीस-पंचवीस सोडले तर बाकीच्यांच्या विनंतीला कोण विचारतो? त्यांची प्रशासकीय बदलीच होते. डेव्हिसचंच बघा. २०१९ ला मागून लेकर्सकडं आला आणि २०२५ ला लुकाच्या बदल्यात त्यालाच डॅलसला पाठवून दिलं. तेव्हा त्यानं काही मागितलं नव्हतं.

आता पुन्हा सॅक्रामेंटोकडं येऊ, कारण या संघाशी आपला एक धागा आहे. त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं हा संघ घेतला, तेव्हा तो सॅक्रामेंटोतून उचलून सिएटलला न्यायच्या हालचाली चालल्या होत्या. त्या थांबल्या. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले ते याच संघाचे, इंडियानाविरुद्ध. पहिला तर मुंबईतल्या शाळकरी मुलांसाठीच होता. फॉक्स तेव्हा या संघात होता. सबोनिस समोरच्या.

आणि हा संघ पूर्वी कुठला होता, माहितीये? सिनसिनाटी रॉयल्स. ज्यानं ऑस्कर रॉबर्टसनला पाठवून दिलं, तोच. १९७२ ला सिनसिनाटी सोडून कॅन्सस सिटी, १९८५ ला सॅक्रामेंटो.

रणदिव्यांच्या काळात या संघानं काय केलं तेही बघा. २०१७ मध्ये डीमार्कस कझिन्स त्यांचा सर्वात मोठा खेळाडू. सॅक्रामेंटोतच राहायचंय असं तो उघड सांगत होता आणि राहिला असता तर त्याला २० कोटी डॉलरहून मोठा करार मिळू शकत होता. नियम असा की तो करार स्वतःच्याच संघाला देता येतो. ऑल-स्टार सामन्यासाठी तो न्यू ऑर्लिन्सला गेला होता, त्याच रात्री त्याची तिथल्याच संघाकडं बदली झाली. मोठा करार गेला. पुढच्या जानेवारीत त्याच्या टाचेची शीर तुटली आणि त्या उन्हाळ्यात त्यानं सुमारे ५३ लाख डॉलरवर एका वर्षासाठी सही केली. कुठं २० कोटी, कुठं ५३ लाख.

२०२२ मध्ये हॅलिबर्टन. तोही सॅक्रामेंटोवर खूश होता, तोही गेला. न विचारता.

यातलं बरंच फॉक्सनं त्याच संघात बसून पाहिलं होतं. कझिन्स गेला त्याच वर्षी तो आला. हॅलिबर्टन तर त्याच्या शेजारी खेळायचा. आता सांगा, इमानदारीचं या गावात काय होतं ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसानं शेवटच्या वर्षात स्वतःचं बघितलं, तर त्याला गद्दार म्हणायचं?

शेवटचा मुद्दा. खेळाडू गेला की गावाला वाईट वाटतं, ते मला समजतं. आमच्यासारख्या गावातून चांगला डॉक्टर पुण्याला गेला तरी चार दिवस हळहळ असते. पण डॉक्टर गेला म्हणून गावाचा दवाखाना कुणी उचलून नेत नाही. एनबीएत नेतात. मालक नेतात.

सिनसिनाटीला १९७२ नंतर एनबीएचा संघ मिळाला नाही. २००८ मध्ये सिएटलचा संघ मालकांनी उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. त्या संघात तेव्हा एकोणीस वर्षांचा केव्हिन ड्युरंट होता, एकच मोसम झालेला. त्याला कुणी विचारलं नाही, सिएटलच्या लोकांना तर नाहीच. आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, करार संपल्यावर तोच ड्युरंट ओक्लाहोमा सोडून गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या नावाची जर्सी जाळली.

जर्सीवरचं नाव खेळाडूचं होतं. संघ सिएटलचा होता.